यंदा तलावावर बदकं कमी दिसली, म्हणजे खरंच कमी झाली का?

हिवाळा आला की नागपुरात हे ऐकू येतंच. अंबाझरीला जा, गोरेवाड्याला जा नाहीतर पारडगावला, कोणीतरी म्हणतंच की पहिले किती पक्षी यायचे, आता काही राहिलं नाही. काळजी खरीच आहे, पण एका सकाळच्या आकड्यावरून काही ठरत नाही.

पाणपक्ष्यांना नुसतं पाणी नाही, तर त्यांना झेपेल एवढ्याच खोलीचं पाणी लागतं. शेकाट्या, तुतवार हे उथळ पाण्यात, काठावरच्या चिखलात खाणं शोधणारे, त्यामुळे पाऊस लांबला किंवा नोव्हेंबरात अवकाळी पडला आणि तलाव जानेवारीतही काठोकाठ राहिला की चिखल उघडाच पडत नाही, आणि हे पक्षी तिथं थांबत नाहीत. अशा वर्षी आजूबाजूच्या बोड्यासुद्धा, म्हणजे लहान तळी, भरलेल्या असतात, मग बदकं पांगतात. आकडा घसरतो, पण पक्षी कमी झालेलेच असतात असं नाही. उलट कोरड्या वर्षी उरलेल्या एकाच तलावावर गर्दी होते आणि आपण उगाच खूश होतो!

त्यात हवामान बदल. युरोपात हिवाळे सौम्य झाल्यावर काही बदकं दक्षिणेकडं न जाता उत्तरेतच थांबायला लागली, हे कळलं ते अनेक देशांत वर्षानुवर्षं एकाच वेळी मोजणी झाली म्हणून. आपल्याकडं १९८७ पासून आशियाई पाणपक्षी गणना होते, जानेवारीत, आणि मोजतात बहुतेक हौशी लोकच. एखाद्या तलावावर एकही पक्षी नाही दिसला तर तेही लिहायचं असतं, शून्य पण माहितीच आहे, हे लोक नेहमी विसरतात.

पण जानेवारीतल्या मोजणीत पावसाळा कुठून दिसणार? कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, ती उबवतो नर, आणि एका रात्रीत धो धो पाऊस पडून पाणी चढलं की घरटं बुडू शकतं. दुर्बीणवाले तेव्हा घरी असतात, जाळं टाकायला गेलेला ढिवर मात्र तिथंच असतो. भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांवर, ढिवर लोकांनी बेशरम नावाची झुडपं उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, त्यानं मासळीलाही आसरा झाला आणि पक्ष्यांनाही. गोंदियात सारसाची घरटी धानाच्या बांध्यांत असतात, ती टिकतात शेतकऱ्यांनी राखली म्हणूनच.

म्हणून माझं म्हणणं असं, की नागपूरच्या पक्षीमित्रांनी एकच तलाव धरून दर महिन्याला जावं, पक्ष्यांसोबत पाणी कुठवर आहे, काठ किती उघडा आहे हेही लिहावं, तिथल्या ढिवर भाऊंना विचारून पावसाळ्यातली घरटी नोंदवावी, आणि त्यांची हरकत नसेल तर माहिती देणारा म्हणून नाव त्यांचंच टाकावं.