जोडेघाटचे बंड आणि किनवटची विसरलेली बाजू

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडाभर झेंडावंदन होते आणि मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांची नावे घेतली जातात. १९४० साली जोडेघाटला निजाम सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या कोमराम भीम या गोंड पुढाऱ्याचे नाव त्यात सहसा ऐकू येत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘तो तेलंगणाचा.’ पण १९४० साली किनवट तरी कुठे नांदेड जिल्ह्यात होते? निजामाच्या राज्यात किनवट हा आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होता. उटनूर, बोथ, आसिफाबाद, राजुरा हे त्याचे भाऊबंद. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, भाषेवरून सीमा आखली गेली आणि किनवट आपल्याकडे आले. गोंडी आणि कोलामी बोलणारी आदिवासी माणसे मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली. म्हणून हे बंड आपल्याही इतिहासाचा भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

या भांडणाचे मूळ जमिनीत आहे, आणि ते नीट समजून घ्यायला हवे. डोंगरउतारावरची जमीन हलकी, मुरमाड. गोंड शेतकरी अशा शेतात काही वर्षे पीक घेई, मग ते शेत पडीक टाकून शेजारचे नांगरी. काही वर्षांनी पुन्हा जुन्या शेताकडे वळे. कोलाम तर नांगरही लावत नसत, उतारावरची झाडी तोडून, जाळून कुदळीने पेरत. जमीन कोणाची, हे गावाला आणि मोकाशाला, म्हणजे गोंडांच्या परंपरागत प्रमुखाला, तोंडपाठ असे, कागदाची गरज कधी पडली नव्हती. मग राखीव जंगलाची आखणी सुरू झाली. मोजणीदार आला तेव्हा जे शेत विसाव्याला पडले होते, ते त्याला जंगल दिसले. हद्दीचे दगड रोवले गेले आणि आजोबांनी कसलेल्या शेतात नातू ‘अतिक्रमणदार’ ठरला. त्यानंतर दंड, चराईचा कर, चौकीदाराला द्यावे लागणारे धान्य नि कोंबडी, आणि शेवटी झोपड्या जाळणे.

याच काळात सखल भागातली काळी जमीन बाहेरून आलेल्यांच्या नावावर होत होती. पट्टा, म्हणजे मालकीचा कागद, कसा करायचा हे त्यांना ठाऊक होते, गोंडांना नव्हते. हे लोक कोण होते? तेलुगू होते, उर्दू बोलणारे होते, सावकार होते आणि मराठी शेतकरीही होते. हे लिहिताना जड जाते, पण ते गाळून हा इतिहास सांगता येणार नाही.

बंडाची परंपरा त्याही आधीची. १८५७ नंतरच्या धामधुमीत रामजी गोंडाने निर्मल भागात रोहिल्यांना सोबत घेऊन लढा दिला, १८६० साली त्याला फाशी झाली. निर्मलच्या वडावर हजार जणांना लटकवले अशी लोकांत आठवण आहे, त्या झाडाला ‘हजार कवट्यांचा वड’ म्हणत.

भीमची कथा अशी सांगतात. वडील जंगलखात्याशी झालेल्या वादात गेले. पुढे पिकावर हक्क सांगायला आलेला सिद्दिकी नावाचा माणूस भीमच्या हातून मेला आणि तो पळाला. चांद्याकडे (आजचे चंद्रपूर), तिथून आसामच्या चहामळ्यांत. परत आला तो लिहिणे-वाचणे आणि दूरदेशीच्या चळवळींची माहिती घेऊन. जोडेघाट, बाबेझरी आणि आसपासच्या अशा बारा गावांत त्याने माणसे उभी केली. आधी अर्ज-विनंत्या केल्या, हैदराबादपर्यंत दाद मागितली. काही हाती लागले नाही, तेव्हा कुऱ्हाडी, भाले नि भरमार बंदुका बाहेर आल्या. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात पोलिसांनी गोळ्या घातल्या. भीम आणि त्याचे साथीदार तिथेच पडले.

वाद इथून सुरू होतात. सरकारदरबारी ही दंगल होती, गोंडांसाठी ती लढाई. मृत्यूची तारीखच पाहा. कुठे १ सप्टेंबर १९४० लिहिलेली सापडते, कुठे २७ ऑक्टोबर. जोडेघाटला मात्र पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागरीला पाळतात. आता त्या वर्षी १ ऑक्टोबरला खग्रास सूर्यग्रहण होते, म्हणजे अमावस्या. त्या हिशेबाने कोजागरी १६ ऑक्टोबरच्या सुमारास येते. छापील दोन तारखांपैकी एकही पौर्णिमेशी जुळत नाही. मला लोकांची तिथी जास्त विश्वासाची वाटते. रात्र चांदण्याची होती हे माणूस विसरत नाही, इंग्रजी तारीख नंतर कोणीतरी चिकटवतो.

दुसरा वाद हेतूचा. निजाम मुसलमान म्हणून हे बंड झाले, असे आजकाल सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. भीमची मागणी जमिनीची, जंगलाची आणि आपल्या गावांचा कारभार आपण चालवण्याची होती. जंगलखात्याचा शिपाई कोणत्याही धर्माचा असता तरी दगड तिथेच रोवला गेला असता.

गोळीबारानंतर निजाम सरकारला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ गोंडांत राहून काम करू लागले. हजारो कुटुंबांना पट्टे मिळाले. आदिलाबादेतल्या मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले आणि मुलांसाठी गोंडी वाचनमाला तयार झाली, तीही देवनागरीत. मराठी मुळाक्षरे येणाऱ्या किनवटच्या माणसाला त्यातला शब्द न् शब्द उच्चारता येईल, फक्त अर्थ कळणार नाही.

पट्टे मिळाले तरी जमिनी पुन्हा हातच्या जात राहिल्या. २० एप्रिल १९८१ ला आदिलाबादेतल्याच इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने १३ मृत सांगितले, लोक याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. २०१६ साली तेलंगणाने आसिफाबाद जिल्ह्याला भीमचे नाव दिले.

आपल्या बाजूला किनवट-माहूरच्या पट्ट्यात २००६ च्या वनहक्क कायद्याने दावे भरता येऊ लागले. जमीन आपण कसत होतो याचा पुरावा म्हणून त्या कायद्याच्या नियमांत नकाशे आणि सरकारी नोंदी धरल्या आहेत. त्याच यादीत गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही आहे.