डेटा बसची तार (हौशी विमानबांधणी)

स्वतः बांधलेल्या विमानात स्क्रीन, जीपीएस, ऑटोपायलट आणि इंजिनाचे सेन्सर एकमेकांना आकडे पाठवतात ती तारांची वाट म्हणजे डेटा बस. तिच्यासाठी तार निवडताना विजेच्या गणितापेक्षा हादरे, उष्णता आणि ओल यांचा विचार जास्त करावा लागतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्या माणसाच्या हाताशी सर्वांत आधी येते ती लॅनची केबल. वाशीत कॉम्प्युटरच्या दुकानात ती सहज मिळते, पीळ दिलेल्या चार जोड्या असतात आणि विजेच्या दृष्टीने ती चालूनही जाते. लहान विमानातली बस जेमतेम पाच-सहा मीटरची. त्यात संदेशाला जाऊन परत यायला सुमारे ६० नॅनोसेकंद लागतात, तर कॅन बसवर (एकाच जोडीवर सगळी उपकरणे बोलतात अशी बस) सेकंदाला १० लाख बिट या वेगालाही एक बिट १,००० नॅनोसेकंद टिकतो. त्यामुळे केबलचा इम्पीडन्स (वेगवान संदेशाला तारेत होणारा विजेचा अडथळा) थोडा चुकला तरी बिघडत नाही. तरीही ही केबल विमानात घालू नये. तिचा गाभा बहुधा एकसंध तांब्याचा असतो आणि सततच्या हादऱ्यांनी तो जोडापाशी तुटतो. शिवाय तिचे पीव्हीसी आवरण जळले की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. बंद कॉकपिटमध्ये डोळे आणि घसा जाळणारा धूर होतो.

विमानासाठी टेफ्झेल (उष्णता सोसणारे प्लास्टिक) आवरणाची, १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारी, कल्हई केलेली तार वापरतात. २२ गेजच्या अशा तारेत १९ बारीक तंतू असतात. ब्लेडने सोलताना त्यातले दोन-तीन कापले गेले तर जोड तिथेच कमकुवत होतो, म्हणून हत्यार चांगले हवे.

दोन उपकरणांना थेट जोडणाऱ्या आरएस-२३२ या जुन्या पद्धतीला पीळ नसला तरी चालतो. विमानांसाठीच्या एरिंक ४२९ या बसमध्ये एकच उपकरण बोलते, जास्तीत जास्त २० ऐकतात. तिला शिल्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) असलेली पिळाची जोडी लागते, आणि शिल्ड दोन्ही टोकांना विमानाच्या ग्राउंडला जोडतात. विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर ऐकतो, त्यात बसची खरखर शिरू नये यासाठीही शिल्ड उपयोगी.

बॉशने १९८६ मध्ये मोटारींसाठी मांडलेली कॅन बस आज हौशी विमानांत सर्रास दिसते. ती एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे अशी ओळीने न्यावी; सेकंदाला १० लाख बिट या वेगाला फाटा (मुख्य तारेपासून उपकरणापर्यंतचा तुकडा) ३० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर धरला की ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक रेझिस्टर राहिला आहे, ४० दिसले तर एक जास्त लागला आहे. पहिल्यांदा वीज देण्याआधी ही तपासणी कधीच टाळू नये.

राहिली ओल. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर अनेक वर्षे खपून सहा आसनी विमान बांधले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. अशा कामात तारा उडण्याआधीच कित्येक पावसाळे पाहतात. ऐरोली, घणसोलीसारख्या खाडीकाठी हवा खारी असते. उघडे राहिलेले टोक तंतूंमधून ओल आत ओढते आणि आवरणाखाली तांबे काळे पडते. वरून काही दिसत नाही. म्हणून काम थांबवताना प्रत्येक मोकळ्या टोकावर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवावी, आणि पुन्हा सुरू करताना टोक दोन-तीन सेंटिमीटर छाटून तांबे चकाकते का ते पाहूनच पिन क्रिम्प करावी, म्हणजे हत्याराने दाबून बसवावी.