निंबोळी अर्क फवारता, पण माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकायचाय? आधी हे वाचा

पाच किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, साबणाचं थोडं पाणी घालून १०० लिटर करायचं आणि ऊन उतरल्यावर फवारायचं. हा झाला ५ टक्के अर्क. स्वतःच्या शेतात तो मारायला कुणाची परवानगी लागत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात स्वतः कसत असलेल्या जमिनीवरच्या वापराला सूट आहे. बाटल्या भरून विकायला निघालात, तर मात्र नोंदणी आणि परवाना दोन्ही आले.

माल सेंद्रिय म्हणून विकायचा तर दाखला हवा. लहान शेतकऱ्याला परवडतो तो ‘पीजीएस-इंडिया’चा, म्हणजे केंद्र सरकारच्या सहभाग हमी पद्धतीचा. यात बाहेरचा तपासनीस येत नाही, गटातलेच शेतकरी एकमेकांची शेतं तपासतात. गट किमान पाच जणांचा, एकाच गावातला किंवा शेजारपाजारचा. गटाची नोंदणी प्रादेशिक परिषदेकडे, म्हणजे या पद्धतीत गटांना दाखला देणाऱ्या संस्थेकडे होते. प्रत्येकाने प्रतिज्ञापत्र आणि शेताचा इतिहास भरून द्यायचा: कोणतं पीक घेतलं, शेवटचं रासायनिक खत किंवा औषध कधी टाकलं. आधार, सातबारा, ८-अ हाताशी ठेवा. पुढे गटाचा तपासणी अहवाल परिषदेकडे जातो आणि दाखला मिळतो. रसायनं सोडून सेंद्रियाकडे वळण्याच्या म्हणजे रूपांतराच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’, तो काळ पुरा झाला की ‘पीजीएस-ऑरगॅनिक’.

आमच्या खान्देशात गाडी अडते ती बियाण्यावर. चोपडा असो की शिरपूर, कपाशी म्हटली की बीटी, म्हणजे जनुकबदल केलेलं बियाणं. असं बियाणं सेंद्रियात चालतच नाही, मग मावा-तुडतुड्यांवर अर्काचे कितीही पंप मारा. बीटीचं पाकीट फोडून दाखल्याची वाट बघण्यात अर्थ नाही. सरळ किंवा देशी वाण मिळाला तर कपाशी, नाहीतर मूग, तूर, ज्वारीपासून सुरुवात करा. त्यातही औषध चोळलेलं बियाणं घेऊ नका.

फवारणीची वही ठेवा: तारीख, शेत, अर्क कशाचा, किती. दुकानातलं नीमतेल आणलं असेल तर पावती आणि लेबल जपा. ‘हर्बल’ लिहिलेल्या प्रत्येक बाटलीत निव्वळ झाडपाला असतो असं नाही. बांधापलीकडे रासायनिक फवारणी होत असेल, तर त्या बाजूला पट्टा मोकळा सोडा.

हा दाखला देशातल्या विक्रीपुरता. निर्यातीसाठी ‘एनपीओपी’चं (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं) प्रमाणपत्र लागतं, त्याचा खर्च वेगळा.