बालशोषणाची लिंक दिसली तर तक्रार कशी नोंदवायची: पात्रता, लागणारी माहिती आणि पुढची प्रक्रिया

टेलिग्राम किंवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर लहान मुलाची लैंगिक क्लिप येऊन पडली की लोक हमखास दोन चुका करतात. कोणी 'याला पकडून द्या' म्हणत ती चार ग्रुपवर ढकलतो, तर कोणी घाबरून चॅट पुसतो आणि ग्रुप सोडतो. ढकलणं हा सरळ गुन्हा आहे. पुसून बाहेर पडलात तर पोलिसांना हवा असलेला धागाच हातातून जातो.

तक्रार कोणीही करू शकतो, 18 वर्षांखालील मूलसुद्धा. त्या मुलाची ओळख असण्याची गरज नाही. फी नाही, वकील नको, स्टॅम्प पेपर नको. पोक्सो कायद्याच्या (लैंगिक अपराधांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा) कलम 19 नुसार ही माहिती देणं बंधनकारक आहे. ती न दिल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. यातून फक्त मुलांना सूट आहे. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई करता येत नाही.

'मी कुठे पाठवलं, नुसतं फोनमध्ये होतं' ही सबबही चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात असं साहित्य नुसतं जवळ असणं गुन्हा नाही, असं म्हणणारा मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश फिरवला आणि असं साहित्य बाळगण्याबाबतच्या कलम 15 चा अर्थ सविस्तर लावला. म्हणून क्लिप डाउनलोड करू नका आणि चित्राचा स्क्रीनशॉटही घेऊ नका.

फॉर्म भरण्याआधी काय टिपून ठेवायचं

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे पत्ता. वेबसाइट असेल तर अॅड्रेस बारमधली पूर्ण लिंक कॉपी करा. नुसतं साइटचं नाव देऊन उपयोग नाही, कारण एका साइटवर लाखो पानं असतात. टेलिग्रामवर ग्रुपची किंवा चॅनेलची लिंक आणि @ ने सुरू होणारं युजरनेम घ्या. ठळक अक्षरात दिसणारं नाव कोणीही क्षणात बदलतो, तेवढंच दिलं तर शोध तिथेच थांबतो. व्हॉट्सअॅपवर देशाच्या कोडसह पूर्ण नंबर, ग्रुपचं नाव आणि निमंत्रणाची लिंक. सोबत तारीख, वेळ आणि आपण कोणत्या फोनवर ते पाहिलं हेही लिहा. पोक्सो नियम 2020 मधला नियम 11 नेमकी हीच माहिती मागतो: कोणत्या उपकरणावर दिसलं, कुठून आल्याचा संशय आहे, कोणत्या प्लॅटफॉर्मवर होतं.

पोर्टलवर नोंद

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर महिला व बालकांसंबंधी गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे दोन वाटा आहेत. नाव न देता तक्रार केली तर ओळखपत्र, मोबाइल काहीच लागत नाही, पण पुढे काय झालं ते पाहता येत नाही. दुसऱ्या वाटेने मोबाइलवर ओटीपी येतो, तक्रार क्रमांक मिळतो आणि स्थिती तपासता येते. अनोळखी ग्रुपची खबर द्यायची असेल तर पहिली वाट पुरेशी आहे. मूल ओळखीचं असेल तर दुसरीच घ्या. वर्णनाच्या चौकटीत किमान 200 अक्षरं लागतात आणि विशेष चिन्हं चालत नाहीत, त्यामुळे बरेच फॉर्म तिथेच अडकतात. मजकूर आधी नोट्समध्ये लिहून घ्या.

1930 हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. मूल धोक्यात असेल तर 1098 किंवा 112.

मूल आपलं किंवा ओळखीचं असेल तर

पोर्टलवर विसंबून राहू नका, थेट पोलीस ठाण्यात जा. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर कायद्यात बसत नाही: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि एफआयआरची प्रत विनामूल्य द्यावी लागते. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता, आईवडील किंवा विश्वासातली व्यक्ती हजर असताना घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. 24 तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं.

मुलाच्या वयाचा पुरावा (जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला) आणि फोन जसा आहे तसा घेऊन जा. फोन रीसेट करू नका, अॅप काढू नका. जप्ती झाली की पंचनाम्याची प्रत मागा. कोणी फोटोवरून धमकावत असेल तर पैसे देऊ नका. दिले असतील तर 1930 ला लगेच कळवा.

तक्रार पुढे कुठे जाते

राज्याकडे आलेली तक्रार संबंधित सायबर पोलिसांकडे जाते. दुसरा मोठा ओघ अमेरिकेतून येतो: तिथल्या कंपन्यांना असं साहित्य आढळल्यास एनसीएमईसी या बेपत्ता आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवावं लागतं आणि 2019 च्या करारानुसार भारताशी संबंधित टिपलाइन रिपोर्ट (म्हणजे या खबरी) एनसीआरबीकडे, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, येतात. सप्टेंबर 2022 मधल्या बालशोषणाच्या साहित्याविरुद्धच्या सीबीआयच्या 'मेघचक्र' मोहिमेतल्या झडत्याही न्यूझीलंडच्या पोलिसांनी इंटरपोलमार्फत दिलेल्या माहितीवरून झाल्या.

तपासात घोळ होतो तो वेळेचा. परदेशी कंपन्यांच्या नोंदींतली (लॉग) वेळ यूटीसीत, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत असते: 14 तारखेचे 19:10 म्हणजे आपल्याकडे 15 तारखेची रात्र, 00:40. हे साडेपाच तास विसरले की भलत्याच घराचं दार ठोठावलं जातं. शिवाय मोबाइल कंपन्या एकच आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) एकाच वेळी अनेक ग्राहकांना देतात, त्यामुळे सेकंदापर्यंतची वेळ आणि त्यातला नेमका ग्राहक ओळखायला लागणारा पोर्ट क्रमांक नसेल तर ग्राहक सापडत नाही. प्लॅटफॉर्मवरून काढलेल्या मजकुराच्या नोंदी कंपन्यांनी जपण्याची मुदत सर्वसाधारणपणे 180 दिवसांची आहे. लिंक हाती असेल तर तक्रार त्याच दिवशी करा.