स्वसहिष्णुतेतील जनुकीय दोष

स्वसहिष्णुता : स्वतःच्याच शरीरावर न उलटण्याचा प्रतिकारसंस्थेचा गुण. टी पेशींच्या (प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) तो अंगी बाणतो छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत. शरीराच्याच प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्या टी पेशी बहुतांशी तिथेच नष्ट केल्या जातात. पण इन्शुलिन बनते स्वादुपिंडात. थायमसमधल्या पेशीला ते भेटणार कुठे? ही सोय २१ व्या गुणसूत्रावरील ‘एआयआरई’ जनुक करते. त्याच्यामुळे थायमसच्या गाभ्यातील काही पेशी इतर अवयवांची हजारो प्रथिने अल्प प्रमाणात तयार करतात.

आईवडील दोघांकडूनही या जनुकाची सदोष प्रत आली, तर ‘एपीएस-१’ हा अनेक ग्रंथींवर प्रतिकारसंस्थाच उलटण्याचा आजार होतो. हे जनुक १९९७ मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे शोधले. आजार दुर्मीळच, फिनलंड, सार्डिनिया आणि इराणी ज्यू समाजात त्यातल्या त्यात अधिक. बहुधा लहानपणी तोंडात कँडिडा बुरशीचे पांढरे चट्टे वरचेवर उठू लागतात. मग गळ्यातील परावटू ग्रंथी निकामी होऊन रक्तातले कॅल्शियम घटते, हातापायांत पेटके येतात. पुढे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी निकामी होण्याचा अ‍ॅडिसन आजार. एकाच घरातल्या, तोच दोष असलेल्या भावंडांतही तीव्रता सारखी नसते.

यातली बुरशी हे मोठे कोडे होते. स्वतःच्या ग्रंथी पोखरणारी प्रतिकारसंस्था साध्या बुरशीपुढे हतबल का व्हावी? २०१० मध्ये दिसून आले, की बुरशीला रोखणाऱ्या आयएल-१७ आणि आयएल-२२ या संदेशवाहक प्रथिनांविरुद्धच रुग्णांच्या रक्तात प्रतिपिंडे असतात. अलीकडे गॅमा इंटरफेरॉन या दुसऱ्या संदेशवाहक प्रथिनाचा अतिरेक हेही एक कारण पुढे आले आहे.

थायमसच्या चाळणीतूनही काही घातक टी पेशी सुटतातच. त्यांना नियामक टी पेशी आवरतात, आणि या नियामक पेशींची घडण ‘फॉक्सपी३’ जनुकावर अवलंबून असते. ते एक्स गुणसूत्रावर असल्याने त्याच्या दोषातून होणारा ‘आयपेक्स’ हा आजार मुलग्यांना होतो : तान्हेपणीच न थांबणारे जुलाब, इसब, टाइप १ मधुमेह. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा त्यावरचा मूलगामी उपाय. नियामक टी पेशी आणि फॉक्सपी३ यांवरील संशोधनाबद्दल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकातील नोबेल मिळाले.

संधिवाताभ (सांध्यांवर प्रतिकारसंस्था उलटण्याचा आजार) किंवा नेहमीच्या टाइप १ मधुमेहात मात्र असा एकच दोषी जनुक सहसा सापडत नाही. तिथे अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, त्यांत टी पेशींपुढे प्रथिनांचे तुकडे मांडणाऱ्या रेणूंच्या एचएलए जनुकांचा मोठा. म्हणूनच जनुकीय चाचणीने आयपेक्सचे निदान पक्के होते, पण संधिवाताभाचे होत नाही.