मे महिन्यात पट्ट्यांची सावली जाते कुठे?

मागच्या मे महिन्यात कोल्हापूरजवळच्या पाचगावला मेव्हण्याकडे गेलो, तेव्हा त्याने घरामागच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हाताने पर्गोला उभा केला होता. दहा बाय दहा फुटांचा चौरस. उद्यमनगरातून कापून आणलेले लोखंडी चौकोनी पाइपचे चार खांब, त्यांवर दोन तुळया आणि तुळयांवर वखारीतून निवडून आणलेल्या सागवानाच्या एकतीस पट्ट्या. रंधा मारून, तेल पाजून, स्क्रू लावून सगळं इतकं नेटकं केलेलं की एखाद्या सुताराने वाखाणावं. दुपारी एकला आम्ही दोघं त्याखाली खुर्च्या टाकून बसलो आणि पाच मिनिटांत उठलो. अंगावर, फरशीवर, ताटावर उन्हाचे पट्टेच पट्टे.

"दाजी, माप तर सगळं व्हिडिओत दाखवल्यापरमाणं घेतलंय. मग सावली कुठं गेली?"

प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर पट्टीच्या मापात नव्हतं, दिशेत होतं. व्हिडिओ युरोपातला आणि पट्ट्या पूर्व-पश्चिम टाकलेल्या. तिकडे ते बरोबर आहे, कोल्हापुरात ते नेमकं उलटं पडतं. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

पर्गोला म्हणजे आपला मांडवच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ भिंतीबाहेर आलेला छज्जा. मांडवावर आपण झावळ्या टाकतो, पर्गोल्यावर मात्र उभ्या कडेवर बसवलेल्या पट्ट्या असतात आणि मधे फटी. मेव्हण्याची पट्टी १० सेंटिमीटर उंच, अडीच सेंटिमीटर जाड आणि दोन पट्ट्यांमध्ये साडेसात सेंटिमीटर फट. ऊन सरळ वरून आलं तर १० सेंटिमीटरमागे फक्त अडीच सेंटिमीटर अडणार, म्हणजे सावली चार आणे. पण ऊन तिरकं आलं, तर पट्टीची उंची कामाला येते. १० सेंटिमीटरची उभी पट्टी तिरक्या उन्हात शेजारच्या फटीवर आपली सावली पसरते. किती पसरते, ते दहावीच्या त्रिकोणमितीत आहे: पट्टीची उंची गुणिले सूर्याच्या कलाचा टॅन. कल म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावरून किती अंश झुकलाय, तो कोन. कल ३७ अंशांचा झाला की टॅन ०.७५ होतो, सावली साडेसात सेंटिमीटर पसरते आणि अख्खी फट बंद. म्हणजे ही उघडी दिसणारी चौकट खरं तर एक झडप आहे. ती उघडते आणि मिटते ती सूर्याच्या कोनाने.

आता मुद्दा हा, की इथे सूर्याचा सगळा कल मोजायचा नसतो. पट्टीच्या लांबीच्या दिशेने सूर्य कितीही कलला तरी ऊन फटीतून पट्टीला समांतर सरकत खाली येतं. सावली वाढते ती फक्त पट्टीला आडव्या दिशेने कलण्यामुळे. पूर्व-पश्चिम पट्टीला सूर्य दक्षिणेकडे किंवा उत्तरेकडे किती झुकलाय एवढंच कळतं. उत्तर-दक्षिण पट्टीला तो पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे किती झुकलाय एवढंच कळतं.

लंडनमध्ये जूनच्या मध्यान्हीलाही सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांच्या वर चढत नाही. तेव्हाही तो दक्षिणेला २८ अंश झुकलेला. तिथे पूर्व-पश्चिम पट्टीला मध्यान्हीसुद्धा काम मिळतं. कोल्हापूर मात्र १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या बरंच खाली. ६-७ मेच्या सुमारास इथे सूर्य बरोबर डोक्यावरून जातो. त्या दिवशी दुपारी साडेबाराला उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच जिरते. हाच शून्य सावलीचा दिवस. तो पुन्हा ५-६ ऑगस्टला येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ असं भरलेलं असतं की कोणाला पत्ता लागत नाही. साडेबारा का, बारा का नाही? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, आपण ७४.२ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं या हिशेबाने आपली मध्यान्ह सुमारे ३३ मिनिटं उशिरा येते. पृथ्वीच्या कक्षेमुळे त्यात महिन्यागणिक थोडी भर-घट होते.

आता खरा घोळ. मे महिन्यात सूर्य फक्त मध्यान्हीलाच मधोमध असतो असं नाही. दिवसभराची त्याची वाट जवळजवळ पूर्व-पश्चिम रेषेच्या वरूनच जाते. मी ७ मेचा हिशेब मांडून पाहिला. दुपारी साडेतीनला सूर्य पश्चिमेकडे ४३ अंश कललेला असतो, पण उत्तरेकडे जेमतेम ६ अंश. सहा अंशांचा टॅन ०.११. म्हणजे पूर्व-पश्चिम पट्टीची सावली वाढली तर फक्त १ सेंटिमीटरने. सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत ती झडप उघडीच राहते. मेव्हण्याच्या फरशीवर उन्हाचे पट्टे तासन् तास एकाच जागी तापत होते ते यामुळे.

त्याच पट्ट्या उत्तर-दक्षिण फिरवल्या, की? साडेबाराला तेच चार आणे, त्यात बदल नाही. दोनला सावली ६४ टक्के. अडीचला ८० टक्के. तीन वाजून पाच मिनिटांच्या सुमारास सगळ्या फटी मिटतात. सकाळीही तसंच, दहाच्या आधी पूर्ण सावली. लाकूड तेवढंच, स्क्रू तेवढेच, फक्त काटकोनात फिरवलेलं.

आणि हिवाळ्याचं गणित तर आणखी देखणं आहे. २२ डिसेंबरला कोल्हापुरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला ४० अंश झुकलेला असतो. ४० अंशांचा टॅन ०.८४. म्हणजे पूर्व-पश्चिम पट्ट्यांची झडप पूर्ण बंद, आणि ती दिवसभर बंदच राहते. जेव्हा ऊन हवंहवंसं वाटतं, तेव्हा गार सावली. मे महिन्यात ऊन आणि डिसेंबरात सावली देणारा मांडव आपण दुसऱ्या अक्षांशाच्या मापाने बांधतो, तो असा.

जाता जाता जमिनीवर पडणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यांच्या कडांकडेही बघा. त्या धूसर असतात, कारण सूर्य ठिपका नाही, आकाशात तो साधारण अर्ध्या अंशाची तबकडी आहे. आठ फुटांवरच्या पट्टीची कड जमिनीवर सुमारे सव्वादोन सेंटिमीटर फाकते. पट्टीच अडीच सेंटिमीटर जाड! म्हणून वरून ऊन येतं तेव्हा जमिनीवर काळीभोर सावली उरते ती पाव सेंटिमीटरची, बाकी सगळी उपछाया. ग्रहणाच्या धड्यातली प्रच्छाया-उपछाया परसात रोज पडते.

कोल्हापूरकरांना सूर्याचा हा हिशेब नवा नसावा. अंबाबाईच्या देवळात ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा वर्षातून दोनदा किरणोत्सव होतो, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. या तारखा २१-२२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, कारण सूर्य जाताना आणि परतताना त्याच जागेवरून जातो. ६ मे आणि ६ ऑगस्ट अशाच २१ जूनच्या दोन बाजूंना आहेत. काही जण किरणोत्सवाला चमत्कार म्हणतात. मला त्यात देऊळ आखणाऱ्यांची नजर दिसते आणि ती चमत्काराहून मोठी वाटते.

दिशेवरून आठवलं. मेव्हण्याला एका वास्तुसल्लागाराने सांगितलं होतं की ईशान्येला खांब आला तर घरात आजारपण येईल, पर्गोला नैऋत्येला हलवा. दिशेला महत्त्व आहेच, हा सगळा लेख दिशेबद्दलच आहे. पण दिशेचा परिणाम कोनात मोजता येतो, सावलीत दाखवता येतो, आणि तो अक्षांशाप्रमाणे बदलतो. सल्लागाराचा नियम लंडनला आणि कोल्हापूरला एकच असेल आणि तो तपासायची काही सोयच नसेल, तर त्याच्या भीतीने कोणी पाया उखडू नये.

उत्तर शोधायला मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका, लोखंडी खांबाजवळ ते बहकतं. जमिनीत ओळंब्यात एक काठी रोवा, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. या काठीला आपल्याकडे शंकू म्हणत आणि जुन्या काळी वेदी आखताना हीच रीत होती.

पट्टी उभ्या कडेवर ठेवण्यात आणखी एक फायदा आहे. वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तीच १० बाय अडीचची पट्टी आडवी टाकली तर उभीपेक्षा सोळापट जास्त झोळ खाते. फक्त उभी पट्टी बाजूला कलंडू शकते, म्हणून मधोमध दोन पट्ट्यांत लाकडी ठोकळे घालावे लागतात. चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यात तिरका टेकू हवाच. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. आणि खांब काळ्या मातीत नुसता पुरू नका, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीट घाला.

राहिला सकाळी दहा ते दुपारी तीनचा प्रश्न, जिथे दिशा बदलूनही भागत नाही. मेव्हणा वर पत्रा टाकायला निघाला होता, मी थांबवलं. पत्रा ऊन अडवतो, पण स्वतः तापतो. ६५ अंश सेल्सियसला तापलेला रंगवलेला पत्रा एका चौरस मीटरमागे सुमारे ७४० वॅट उष्णता अवरक्त किरणांनी फेकतो, ३५ अंशांचं पान ५१० वॅट. डोक्यावरचा हा २३० वॅटचा फरक डोळ्यांना दिसत नाही, टाळूला कळतो. पान का तापत नाही? ते पाणी सोडतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश युनिट वीज. वेल ही उष्णता उन्हातून आणि आसपासच्या हवेतून उचलतो.

वेल कोणता, इथेही परदेशी नक्कल नडते. तिकडे पर्गोल्यावर द्राक्ष चढवतात, कारण ते थंडीत पानं गाळतं आणि उन्हाळ्यात भरतं. आपल्याकडे सांगली-तासगावकडच्या बागांत खरड छाटणी होते ती एप्रिलमध्ये. नेमक्या उन्हाळ्यात वेल बोडका. त्यापेक्षा मधुमालती किंवा तोंडली लावावी, पाणी मिळालं तर ती मे महिन्यातही हिरवी राहतात. वेल भरेपर्यंत ५० टक्क्यांची शेडनेट चालेल, पण ती वळवाच्या आधी सोडून ठेवायची. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरमागे सुमारे ३८ किलो वजनाइतका भरतो. उघड्या पट्ट्यांतून वारा निघून जातो, ताणून बांधलेली नेट मांडवाचं शीड करते.

पाऊस सुरू व्हायच्या आत आम्ही दोघांनी एका रविवारी सगळे स्क्रू काढले. मांडव चौरस असल्यामुळे खांबांना हात लावावा लागला नाही. दोन्ही तुळया पूर्व-पश्चिम केल्या, त्यांवर एकतीस पट्ट्या उत्तर-दक्षिण. संध्याकाळी चारला तिथेच चहा घेतला, फरशीवर उन्हाचा एकही पट्टा नव्हता. जूनमध्ये दोन खांबांशी मधुमालती लावली.

डिसेंबरात पुन्हा गेलो. वेल अजून निम्म्यावरच होता. सासूबाई बारा ते एकच्या दरम्यान पर्गोल्याखाली, उन्हाच्या पट्ट्यांत पाठ शेकत गव्हातले खडे वेचत बसल्या होत्या.