निळा लेसर खोल घुसत नाही, भाऊ!

परवा मामेभावासोबत नागपूरच्या बर्डीवर ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची, जास्त डेटा मावणारी डिस्क) प्लेअर बघायला गेलो, तर दुकानदार म्हणे निळा लेसर पॉवरफुल असतो, डिस्कमध्ये खोल घुसतो म्हणून पिक्चर इतकं क्लिअर. अरे बाप्पा, बरोब्बर उलटं! डीव्हीडीत डेटा वरच्या पृष्ठभागापासून 0.6 मिलिमीटर आत असतो, ब्लू-रेत फक्त 0.1, म्हणजे अगदी सालीखालीच.

खरी गंमत डिस्कवर पडणाऱ्या लेसरच्या ठिपक्याची आहे. भिंगाने प्रकाश कितीही गोळा करा, ठिपका एका मर्यादेखाली बारीक होत नाही, आणि ती मर्यादा ठरते वेव्हलेंथ (प्रकाशाच्या लाटेची लांबी) भागिले न्युमेरिकल अपर्चर यावरून (अपर्चर म्हणजे भिंग किरणांना किती तिरकं आणून गोळा करतं त्याचं माप). डीव्हीडीचा लाल लेसर 650 नॅनोमीटर, अपर्चर 0.6. ब्लू-रेचा 405, जो खरं तर जांभळा आहे, आणि अपर्चर 0.85. भागाकार करून बघा, ठिपका सव्वादोन पटीहून थोडा जास्तच बारीक होतो, क्षेत्रफळ म्हणजे त्याचा वर्ग, साधारण 5.2 पट, म्हणजे तेवढ्याच जागेत डेटाही तेवढ्या पट मावणार, आता डीव्हीडीचे 4.7 जीबी गुणिले 5.2 केले की 24 च्या वर येतं आणि ब्लू-रेच्या एका लेयरमध्ये (डेटाच्या एका थरात) मावतात 25 जीबी! मला हे जुळलं की अजूनही भारी वाटतं.

पण तिरक्या किरणांची एक खोड आहे. डिस्क जराशी वाकडी असली की ठिपका धूमकेतूसारखा फाटतो, ही चूक अपर्चरच्या घनाने वाढते, प्लास्टिक जाड असेल तर आणखी, म्हणून डेटावरचा प्लास्टिकचा थर 0.1 चा केला. मग पृष्ठभागावर किरणांचा झोत जेमतेम 0.13 मिलिमीटर रुंद (डीव्हीडीत अर्धा मिलिमीटर), तिथे धुळीचा कण किंवा ओरखडा आडवा आला तर संपलं, म्हणून वर कडक कोटिंग देतात. आपल्या मे महिन्यातल्या धुळीत तरी डिस्क डब्यातच ठेवा.

प्लेअर घेताना विचारायचं ते एवढंच. सीडी चालते का? तिला 780 चा इन्फ्रारेड लेसर लागतो, तो सगळ्यांत देत नाहीत. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्क साध्या प्लेअरवर चालतच नाही, तिला रीजन कोड (डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा) नसतो, पण साध्या ब्लू-रेसाठी आपला रीजन सी आणि डीव्हीडीसाठी 5, बाहेरून डिस्क मागवणाऱ्यांनी हे आधी बघा. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल म्हणजे ताईत, बिट पोचले की पोचले, सोन्याने रंग उजळत नाही. खरा फरक दिसतो जुन्या डीव्हीडी मोठ्या टीव्हीवर लावल्यावर, अपस्केलिंगमध्ये (कमी पिक्सेलचं चित्र मोठ्या पडद्यासाठी वाढवण्यात), आणि मामेभावाकडे डीव्हीडींची दोन खोकी भरलेली, पण दुकानात लावून बघायला एकही डीव्हीडी नव्हती, म्हणून रविवारी घरचीच घेऊन परत जातोय.